‘अमरजा’ : नाव, उच्चार आणि नोंद

कर्नाटक राज्याच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात करजगी हे गाव आहे. हा तालुका भीमा नदीच्या खोऱ्यात वसलेला असून महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुका त्याला लागूनच आहे. अशा सीमाभागात एकाच माणसाचे नाव दिवसभरात अनेक भाषांच्या तोंडी येते. घरात ते मराठीत उच्चारले जाते, बाजारात व कचेरीत कन्नडमध्ये, तर बँकेच्या पुस्तकात ते इंग्रजी अक्षरांत उमटते. गणपत, लक्ष्मी, सुनील अशा रुळलेल्या नावांचे या प्रवासात काही बिघडत नाही, कारण ती सर्वांच्या कानांना ठाऊक असतात. विरळ नावाची मात्र येथे परीक्षा होते. या तालुक्याच्याच मातीतून आलेले असे एक नाव म्हणजे ‘अमरजा’. मराठी कुटुंबांत मुलीचे हे नाव आढळते, पण क्वचित. त्याचा अर्थ काय, उच्चार कोणता आणि ते सरकारी नोंदीत कसे लिहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नदीचे नाव

अमरजा ही भीमेची उपनदी आहे. आळंद तालुक्यातून वाहत येऊन अफझलपूर तालुक्यातील श्रीक्षेत्र गाणगापूर येथे ती भीमेस मिळते. आळंद तालुक्यात कोरहळ्ळीजवळ तिच्यावर धरण बांधलेले आहे. गाणगापूर हे श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले दत्तक्षेत्र असल्याने संगमावर स्नान करण्यासाठी महाराष्ट्रातून व कर्नाटकातून भाविकांची सतत ये-जा असते. नदी लहान असली तरी तिचे नाव दूरवर पोहोचले ते या यात्रेमुळे आणि ‘गुरुचरित्र’ या ग्रंथामुळे.

गुरुचरित्रातील क्षेत्रवर्णनात या नदीची उत्पत्तिकथा आली आहे. देव-दैत्यांच्या युद्धात मृत झालेल्या देवांना उठविण्यासाठी आणलेल्या अमृताचा काही अंश भूमीवर सांडला आणि त्याचीच ही नदी झाली, अशी ती कथा. नावाची फोडही तिला जुळणारी आहे. ‘अमर’ म्हणजे देव आणि ‘जा’ म्हणजे ‘च्यापासून जन्मलेली’. गिरीची कन्या ती गिरिजा, शैलाची ती शैलजा, त्याचप्रमाणे अमरांपासून झालेली ती अमरजा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सरस्वती गंगाधर यांनी गुरुचरित्र मराठी ओवीत रचले असले तरी त्यात कन्नड पदेही आहेत. म्हणजे अमरजेचे नाव ज्या ग्रंथाने घरोघरी नेले, त्या ग्रंथातच मराठी व कन्नड या दोन्ही भाषा शेजारी नांदत आहेत. आज या नावापुढे उभा राहणारा उच्चाराचा प्रश्नही याच दोन भाषांच्या शेजारातून निर्माण झालेला आहे.

नद्यांची नावे मागे का पडली ?

मुलींना नदीचे नाव देण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, तापी, चंद्रभागा ही नावे दोन-तीन पिढ्यांपूर्वी घराघरांत होती. नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. पण लोकव्यवहाराने ते मनावर घेतलेले दिसत नाही.

तथापि अशा पुष्कळ नावांचे आयुष्य विवाहापर्यंतच टिकत असे. लग्नात वधूचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे माहेरचे नाव उंबरठ्यापाशीच राही. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना होते. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचेही नाव विवाहापूर्वी यमुनाच होते. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी म्हणून ओळखल्या जात. नाव बदलले नाही तर ते किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे गोदावरी परुळेकर. माहेरच्या गोदावरी गोखले विवाहानंतरही गोदावरीच राहिल्या आणि वारली आदिवासींच्या लढ्याच्या इतिहासात त्याच नावाने नोंदल्या गेल्या.

आता परिस्थिती पालटली आहे. मुलीचे जन्मदाखल्यावरचे नाव शाळा, महाविद्यालय, नोकरी, बँक व मालमत्ता या सर्व ठिकाणी तिच्याबरोबर जाते. पूर्वी चुकीचे लिहिलेले नाव लग्नात आपोआप पुसले जाई. आज ते आयुष्यभर सोबत करते. म्हणून नाव ठेवताना जितका विचार करावयाचा, तितकाच ते लिहिताना करणे प्राप्त झाले आहे.

विरळ नाव निवडण्यामागील भूमिका

आजच्या पालकांना नाव अर्थपूर्ण हवे असते आणि ते वर्गातील दुसऱ्या मुलीचे नसावे असेही वाटते. गिरिजा, शैलजा, वनजा, तनुजा, नीरजा, ऋतुजा अशी ‘जा’ने संपणारी नावे पिढ्यानुपिढ्या आवडीने ठेवली गेली आहेत. त्या पंगतीत अमरजा हे नाव सहज बसते आणि तरी नवे वाटते. गाणगापूरची यात्रा केलेल्या कुटुंबास त्यात श्रद्धेचा धागाही सापडतो. नक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरविणाऱ्यांच्या दृष्टीने ‘अ’ हे कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर होय. विरळ नाव पसरते ते अशाच लहान लहान कारणांनी. एका घरातील बारशाला आलेली पाहुणी ते ऐकून जाते आणि पुढे आपल्या भाचीसाठी सुचविते.

परंतु ऐकलेले नाव नीट उच्चारता आले तरच ते पुढे जाते. प्राचीन ग्रंथकारांनाही याची जाण होती. मुलीचे नाव सुखाने उच्चारता येणारे, स्पष्ट अर्थाचे व दीर्घ स्वराने संपणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलीच्या नावात अक्षरांची संख्या विषम असावी व शेवटी ‘आ’कार असावा. अमरजा या नावात अर्थ स्पष्ट आहे, शेवटी ‘आ’कारही आहे. अक्षरे मात्र लिहिताना चार असून मराठी माणूस ती उच्चारतो तेव्हा तीनच ऐकू येतात. हा भेद कसा पडतो, ते पुढे पाहू.

एक अक्षर, दोन ध्वनी

मराठीत ‘च’, ‘ज’ व ‘झ’ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. जीभ टाळूला लावून होणारा तो तालव्य आणि दातांच्या मुळाशी लावून होणारा तो दंत्य. ‘जन’ म्हणजे लोक, यातील ‘ज’ तालव्य आहे. ‘एक जण’ यातील ‘ज’ दंत्य आहे. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे, हे दोन शब्द लिहिताना तंतोतंत सारखे आहेत, पण पहिल्यातील ‘ज’ तालव्य व दुसऱ्यातील दंत्य. ‘माझा’ म्हणताना ‘झ’ दंत्य असतो आणि ‘माझी’ म्हणताच तो तालव्य होतो. मराठी मूल हे भेद आईच्या तोंडून शिकते. लिपीत त्यासाठी स्वतंत्र खूण नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात दंत्य उच्चार दाखविण्यासाठी अक्षराखाली टिंब देण्याची युक्ती योजलेली आहे, पण ती नित्याच्या लेखनात रुळली नाही.

परिचित शब्दाबाबत खुणेची गरज भासत नाही. अपरिचित नाव प्रथमच वाचणारा मात्र जवळच्या एखाद्या शब्दाचा आधार घेतो. ‘गरजा’, ‘दर्जा’ या नित्याच्या शब्दांत ‘ज’ दंत्य आहे. त्यांच्या चालीवर कोणी ‘अमरजा’ वाचले तर ते चुकेल. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘ज’ मराठीत तालव्यच राहतो. म्हणून यातील ‘जा’ हा गिरिजा, पूजा, राजा या शब्दांतल्यासारखा उच्चारावा. ‘गरजा’प्रमाणे नव्हे, ‘गिरिजा’प्रमाणे, एवढे सांगितले तरी ऐकणाऱ्यास पुरे होते.

कन्नड भाषेत ‘ज’चा तालव्य उच्चार एकच आहे. त्यामुळे या बाबतीत कन्नड शेजारी पहिल्याच वेळी बिनचूक बोलतो. मराठी ‘जाळे’ म्हणताना त्याची थोडी अडचण होईल, ‘अमरजा’ म्हणताना होणार नाही.

मधला ‘र’ कोठे जातो ?

दुसरा प्रश्न ‘र’मधील ‘अ’ स्वराचा आहे. लिहिताना आपण अ-म-र-जा अशी चार अक्षरे लिहितो. पण मराठी बोलण्यात शब्दाच्या मध्यातील असा ‘अ’ बहुधा गळतो आणि उच्चार ‘अमर्-जा’ असा तीन टप्प्यांचा होतो. कन्नडमध्ये हा ‘अ’ गळत नाही. लिहिलेले प्रत्येक अक्षर तेथे पूर्ण उच्चारले जाते. म्हणून ‘अमरजा’ असे कन्नड लिपीत लिहिले की वाचणारा अ-म-र-जा असे चारही टप्पे म्हणतो.

करजगीच्या रहिवाशांना हा भेद नवा नाही. त्यांच्या गावाचे नाव कन्नडमध्ये क-र-ज-गी असे चार अक्षरी आहे, तर मराठी तोंडात ते ‘करज्-गी’ असे होते. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे बदलण्यात आली, त्यात गुलबर्ग्याचे नाव कन्नड उच्चारानुसार अधिकृत झाले. कन्नडमध्ये ते क-ल-बु-र-गि असे पूर्ण उच्चारले जाते. मराठीत मात्र मधला ‘अ’ गळून ते ‘कलबुर्गी’ झाले व तसेच लिहिलेही जाते. यातील एक रूप शुद्ध व दुसरे अशुद्ध असे नाही. प्रत्येक भाषा आपल्या नियमाने चालते.

अमरजा नावाबाबतही हीच दृष्टी ठेवावी. चार टप्प्यांचा कन्नड उच्चार संस्कृत मूळ रूपाला धरून आहे आणि तीन टप्प्यांचा मराठी उच्चार मराठीच्या वळणाला धरून आहे. कन्नड शिक्षकाने ‘अ-म-र-जा’ म्हटले म्हणून घरच्यांनी खट्टू होऊ नये, आणि मुलगी ‘अमर्जा’ म्हणते म्हणून शिक्षकांनी तिला अडवू नये.

चार लिप्यांतील प्रवास

हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्याने या भागातील जुन्या दप्तरांत गावांची व माणसांची नावे उर्दू लिपीत आढळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. एकाच कुटुंबातील पणजोबांचे नाव उर्दूत, आजोबांचे मराठीत व नातीचे कन्नडमध्ये लिहिलेले असणे येथे अशक्य नाही.

प्रत्येक लिपीचे सामर्थ्य निराळे व उणीवही निराळी. उर्दू लिपीत तालव्य ‘ज’साठी ‘जीम’ हे स्वतंत्र अक्षर असल्याने तो घोटाळा होत नाही, पण ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नसल्याने ‘अमर’ की ‘अम्र’ हे वाचणाऱ्याला ताडावे लागते. देवनागरीत स्वर स्पष्ट आहेत, पण ‘ज’ कोणता ते कळत नाही. कन्नड लिपीत दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. मात्र मराठी उच्चार जसाच्या तसा उतरवून ‘अमर्जा’ असे जोडाक्षर लिहिले, तर ‘अमर’ हा अर्थवाही शब्द तुटतो. शिवाय संस्कृत आकारान्त स्त्रीलिंगी शब्द कन्नडमध्ये एकारान्त होण्याची प्रवृत्ती आहे. सीतेचे ‘सीते’ व गंगेचे ‘गंगे’ होते. मराठी कानाला ते हाक मारल्यासारखे वाटते, पण कन्नडमध्ये ते नावाचे साधे रूप आहे.

इंग्रजी अक्षरांत सर्वांत अधिक गोंधळ होतो. ‘र’नंतर ‘ए’ हे अक्षर घातले तर ‘अमराजा’ किंवा ‘अमर राजा’ असा पुरुषी भास होतो. ते गाळले तर मराठी उच्चार जवळचा राहतो, पण मूळ चार अक्षरी रूप जाते. शेवटच्या दीर्घ ‘आ’साठी कोणी एक ‘ए’ लिहितो, कोणी दोन. अशा रीतीने एकाच मुलीच्या नावाची चार इंग्रजी रूपे सहज तयार होतात.

नोंदीचे महत्त्व

जन्माची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये केली जाते. या कायद्यानुसार जन्म जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते, कुटुंबाच्या राहत्या गावी नव्हे. सीमाभागात या तरतुदीचा परिणाम विशेष जाणवतो. करजगीच्या एखाद्या कुटुंबातील सून बाळंतपणासाठी सोलापूरकडे माहेरी गेली, तर बाळाची नोंद महाराष्ट्रात, मराठी व इंग्रजीत होईल. तिचे दुसरे बाळंतपण कलबुर्गीच्या रुग्णालयात झाले, तर त्या बाळाची नोंद कर्नाटकात, कन्नड व इंग्रजीत होईल. सख्ख्या बहिणींचे दाखले दोन राज्यांचे व दोन लिप्यांचे असतील आणि आडनावही दोन तऱ्हांनी लिहिले गेलेले असू शकेल.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत विनाशुल्क देता येते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल तरी चालते. नावाशिवाय नोंद करून घ्यावी व नाव नंतर कळवावे. नोंदणीच्या दिनांकापासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क दाखल करता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून दाखल करता येते. म्हणजे रुग्णालयातील घाईत कोणीतरी तोंडी सांगितलेले नाव लिहून घेण्याची सक्ती नाही. बारसे होऊ द्यावे, नाव निश्चित करावे आणि मग शांतपणे लिहून द्यावे. नोंदीत चूक झालीच तर अधिनियमाच्या कलम १५ अन्वये ती दुरुस्त करून घेण्याची तरतूद आहे.

या अधिनियमात २०२३ साली सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिनांकास किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, शासकीय नेमणूक, पारपत्र व आधार क्रमांक यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला वापरावयाचा आहे. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावत असे. आता मूळ नोंद हीच पुढील सर्व नोंदींची जननी ठरली आहे. तीत ‘अमरजा’ऐवजी ‘अंबुजा’ किंवा ‘अमृता’ पडले, तर मुलगी एक आणि कागद दुसरीचा अशी अवस्था होईल. शिष्यवृत्ती अडते, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर शंका निघते आणि प्रतिज्ञापत्रांसाठी तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात. गरीब कुटुंबाची त्यात रोजची मजुरी बुडते.

काय करता येईल ?

पालकांनी नाव निश्चित झाल्यावर ते एका कागदावर देवनागरी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत सुवाच्य लिहून घ्यावे. कन्नड लिहिता येत नसेल तर गावातील शिक्षकांचे साहाय्य घ्यावे. नोंदणी अधिकाऱ्यास नाव तोंडी न सांगता हा कागद द्यावा आणि दाखला हाती येताच तेथेच वाचून पाहावा. ‘अमरजा’ हे नाव देवनागरीत व कन्नडमध्येही जोडाक्षर न करता पूर्ण चार अक्षरी लिहिणे अर्थाच्या दृष्टीने इष्ट होय. इंग्रजीत कोणतेही एक रूप स्वीकारावे, पण तेच अखेरपर्यंत ठेवावे. धाकट्या भावंडाच्या वेळी आडनाव व वडिलांचे नाव थोरल्याच्या दाखल्याशी ताडून पाहावे.

शिक्षकांचे स्थान याहून महत्त्वाचे आहे. घराबाहेर मुलीचे नाव प्रथम जाहीरपणे उच्चारले जाते ते हजेरीत. त्या दिवशी चुकीचा उच्चार झाला आणि वर्गात हशा पिकला, तर लहान मूल आपल्या नावालाच लाजू लागते. काही मुली मग स्वतःच सोपे नाव सांगू लागतात आणि विरळ नाव तेथेच संपते. अपरिचित नाव समोर आल्यास शिक्षकांनी ‘बाळ, घरी तुला कसे हाक मारतात ?’ असे विचारावे आणि तसेच हाक मारावी. नावाचा अर्थ वर्गाला सांगावा. अमरजा नावाच्या निमित्ताने नदी, संगम, धरण व भूगोल यांचा एक चांगला पाठ तयार होऊ शकतो. पटावर नाव घेताना मात्र ते दाखल्याप्रमाणेच घ्यावे, त्यात आपल्या समजुतीने दुरुस्ती करू नये.

नोंदणीचे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिवसाकाठी अनेक नावे लिहावी लागतात. हात ओळखीच्या नावाकडे वळणे स्वाभाविक आहे. तरीही लिहून झालेले नाव मोठ्याने वाचून दाखविण्यास अर्धा मिनिट पुरते. त्या अर्ध्या मिनिटाने पुढील अनेक वर्षांच्या दुरुस्त्या वाचतात. शेजारच्या भाषेतील नावांचे सामान्य नियम जाणून घेतले, तर हे काम अधिक सुकर होईल.

नद्यांना राज्यांच्या सीमा माहीत नसतात. भीमा महाराष्ट्रात उगम पावून कर्नाटकात जाते आणि वाटेत अमरजेला आपल्यात सामावून घेते. तिचे नाव मराठी घरात तीन टप्प्यांत म्हटले जावो की कन्नड शाळेत चार, ते ओळखू येते तोवर सुरक्षित आहे. दोन्ही उच्चारांना घरात, वर्गात व कचेरीत सारखाच मान मिळावा आणि कागदावरचे रूप मात्र एकच असावे. एवढी दक्षता घेतली, तर आज विरळ असलेले हे नाव धारण करणारी मुलगी शाळेत, परीक्षेत आणि पुढे नोकरीच्या दारातही आपल्या खऱ्या नावानेच उभी राहील.